बिऱ्हाड कुठे परवडते? भिवंडीच्या मागांवरचा एक जुना हिशेब

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. माणसाचे बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही. त्यात भांडीकुंडी असतात, रेशनकार्ड असते, मुलाच्या शाळेचा दाखला असतो आणि शेजारणीकडे हक्काने मागता येणारे वाटीभर पीठही असते. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाताना यातले काय सोबत नेता येते आणि काय मागे राहते, यावर ते स्थलांतर परवडले की नाही हे ठरते. हल्ली मुंबई-ठाण्याच्या घरभाड्याने टेकीला आलेली तरुण जोडपी ‘हैदराबादला किंवा इंदूरला जावे का, तिथे स्वस्त पडेल’ असा विचार करताना दिसतात. प्रश्न नवा वाटतो, पण ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या भिवंडीत तो गेली दीडशे वर्षे घरोघरी सोडवला जात आहे. तिथे तो कागदावर मांडला गेला नाही, इतकेच. या लेखात आम्ही तो मांडून पाहणार आहोत.

भिवंडी हे मुळात मागांचे गाव नव्हते. कल्याणच्या खाडीशी आणि कामवारी नदीशी जोडलेले हे जुने बंदर. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतले आणि मराठी आरमाराच्या उभारणीला इथून चालना मिळाली, हे शाळेतच शिकवले जाते. पुढे गावाची ओळख होती ती भातशेती, तांदळाचा व्यापार, कोकणी मुसलमानांची जुनी घराणी आणि आजूबाजूची आगरी, कुणबी, आदिवासी वस्ती यांनी. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा आग्रा रस्ता गावाजवळून जात होता. भिवंडीच्या पुढच्या इतिहासात या रस्त्याने बंदरापेक्षा मोठे काम केले.

१८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत याच रस्त्याने अवध, अलाहाबाद, आझमगढ या भागांतले मोमीन विणकर दक्षिणेकडे आले. इंग्रजांच्या दडपशाहीची भीती हे एक कारण होते. दुष्काळ हे दुसरे. त्याहून खोलवरचे कारण म्हणजे लँकेशायरच्या गिरणी कापडाने त्यांच्या हातची बाजारपेठ काढून घेतली होती. बऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव आणि भिवंडी या गावांत ही मंडळी टप्प्याटप्प्याने विसावली. मालेगावात त्यांनी महाराष्ट्रातील बायकांसाठी लुगडी विणली. घरात उत्तरेची बोली बोलणाऱ्या माणसांच्या हातून मराठी बाईचे वस्त्र तयार होऊ लागले.

या पहिल्या स्थलांतराचे एक वैशिष्ट्य सहज नजरेतून सुटते. ही माणसे कुटुंबासह आली, आणि ते केवळ मायेपोटी नव्हते. हातमाग एकट्या माणसाने चालत नाही. विणणारा पुरुष असला तरी सूत उकलणे, कांड्या भरणे, ताणा लावणे, खळ देणे ही कामे बायको, आई, मुले आणि म्हातारी माणसे करीत. कुटुंब मागे ठेवून आलेला विणकर म्हणजे हात मागे ठेवून आलेला विणकर. त्यामुळे माग हलला की घर हलत असे आणि जिथे माग रोवला तिथे घर उभे राही. मोमीनपुऱ्यासारख्या वस्त्या या व्यवस्थेतून जन्मल्या. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असल्याने जागेचे भाडे दोनदा भरावे लागत नसे. घरातल्या प्रत्येकाच्या श्रमाला काम होते, म्हणून प्रत्येकाच्या पोटाला अन्न होते. हातमागाच्या काळात ‘परवडणे’ याचा अर्थ हा असा होता. मिळकत फार तुटपुंजी होती, पण ती साऱ्या घराची होती.

वीज आली आणि हे गणित बदलले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात भिवंडीत यंत्रमाग येऊ लागले आणि स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. कापड गिरण्यांना आळा घालून विकेंद्रित क्षेत्राला वाव द्यावा, हे सरकारी धोरण होते. ते आखले गेले हातमागाच्या संरक्षणासाठी. त्याचा मोठा लाभ यंत्रमागाने उचलला. छोट्या यंत्रमाग घटकांना अबकारी करात सवलती होत्या. एकाच शेडमधले माग भावांच्या, मुलांच्या, मेहुण्यांच्या नावांवर वाटून दाखवले की सगळेच ‘छोटे’ होत. कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्याचीही हीच युक्ती होती. मुंबईच्या गिरणीत आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, युनियन. भिवंडीत बारा तासांची पाळी आणि विणलेल्या कापडावर मजुरी.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपकाळात आणि त्यानंतर गिरणीमालकांनी आपले कापड बाहेरून, म्हणजे मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या मागांवरून, विणून घेतले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने या बदलाला अधिकृत बळ दिले. १९७१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली भिवंडी १९९१ मध्ये पावणेचार लाखांपुढे गेली आणि २०११ मध्ये सात लाखांच्या घरात पोहोचली. गिरणगावाच्या उद्ध्वस्त होण्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने गिरणी कामगाराच्या एका घराची पडझड रंगभूमीवर आणली. त्या घरातून गेलेले काम ज्या घरात आले त्या घराचे नाटक मात्र आमच्या वाचनात आलेले नाही.

कदाचित त्याचे कारण असे असेल की तिथे ‘घर’च नव्हते. हातमाग कुटुंबाला बोलावतो. यंत्रमाग एकट्या पुरुषाला बोलावतो. उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेला यंत्रमाग कामगार बहुधा एकटा आला. सहा-आठ मागांमधून बारा तास फेऱ्या मारायच्या आणि दाटीवाटीच्या खोलीत पाठ टेकायची. दिवसपाळीची माणसे उठली की त्याच जागेवर रातपाळीची माणसे झोपतात. एका खोलीचे भाडे अशा रीतीने दुप्पट माणसांत वाटले जाते. जेवणासाठी ‘बिस्सी’, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने चालणारी कामगारांची खानावळ. तिथे वरण-भात-रोटी मिळते, उधारीही चालते, आणि कित्येकदा बिस्सीवाला हाच गावाकडचा ओळखीचा माणूस असतो. भिवंडीत राहूनही हा कामगार आपल्या गावाला ‘मुलुख’ म्हणतो. त्याचे बिऱ्हाड मुलुखात असते आणि तो इथे.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही मजुरी ‘स्वस्त’ ठरते. ती स्वस्त का पडते, हे मात्र मुलुखातल्या चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही. बायकोचे आजारपण, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्यांचे औषधपाणी आणि स्वतः त्या कामगाराचे पन्नाशीनंतरचे आयुष्य हा सारा खर्च त्या दूरच्या खेड्याने उचललेला असतो. त्याच्या एका मागे राहिलेल्या बिऱ्हाडाच्या जिवावर भिवंडीचे कापड बाजारात चार पैशांनी कमी भावाने उतरते.

या चित्रात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाची कथा वेगळी आहे. तिच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण आमचा मुख्य प्रश्न तिथेच उलगडतो.

करीमनगर, वरंगल, नलगोंडा, महबूबनगर या निजामाच्या राज्यातील जिल्ह्यांतून पद्मशाली विणकर एकोणिसाव्या शतकापासून पश्चिमेकडे सरकत होते. मुलुखात दुष्काळ, सुताची टंचाई, जमीनदारांची वेठ. आणि सीमेपलीकडे सोलापूरचा बाजार. सोलापूर हा त्यांचा मोठा मुक्काम झाला. काही मुंबईत गेले आणि काही भिवंडीत आले. भिवंडीतले पद्मानगर हे नावच त्यांच्या वस्तीची खूण सांगते. मार्कंडेय ऋषींना कुलपुरुष मानणाऱ्या या समाजाने जिथे वस्ती केली तिथे मार्कंडेयाचे मंदिर उभारले, आणि भाद्रपद-आश्विनाच्या संधीला बतुकम्मा मांडून तिच्याभोवती फेर धरला. फुलांचा तो उतरता मनोरा पाण्यात सोडायला तळे लागते. भिवंडीत तळीही होती.

पद्मशाली पुरुषही यंत्रमागावरच आला होता. मग त्याने कुटुंब कसे आणले? उत्तर सापडते ते त्याच्या घरातल्या सुपात. त्या सुपात टेंभुर्णीची कापलेली पाने, तंबाखू आणि दोऱ्याची रिळे असतात. हातमागाच्या घरात कांड्या भरणारे बाईचे हात यंत्रमागाने रिकामे केले होते. विडीने त्यांना काम दिले. तेलंगणात, सोलापुरात आणि भिवंडीतही पद्मशाली स्त्रिया घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. कारखानदाराकडून किंवा ठेकेदाराकडून पाने-तंबाखू आणायचा, हजाराच्या हिशेबाने विड्या वळून द्यायच्या, त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जाणार हे गृहीत धरायचे. मजुरी अल्प, तंबाखूची धूळ छातीत, मान-पाठ कायमची दुखरी. पण हे काम चुलीजवळ करता येई आणि पाळण्याला पायाने झोका देत करता येई. तान्ह्या मुलाची आई कुठल्याही कारखान्यात जाऊ शकत नव्हती. तिला घरबसल्या मिळणारा हा दुसरा पगार होता.

आमच्या मते, एका पगारावर भिवंडीत पुरुष राहू शकतो आणि दोन पगारांवर कुटुंब, या साध्या वस्तुस्थितीने दोन समाजांच्या वस्त्यांचे रूप निश्चित केले. याला नातेवाइकांच्या आधाराची जोड होती. सोलापूरची मावशी, भिवंडीचा दीर, सिरसिल्लाचे माहेर असे जाळे असल्यामुळे नव्या जोडप्याला पहिला महिना कुणाच्या तरी पडवीत काढता येई. खोलीची अनामत, भांडी, पहिली उचल हे सारे नात्यातून उभे राही. आज शहर बदलताना आपण घरमालकाला अनामत आणि दलालाला दलाली देतो. त्या वेळी तिची जागा पाहुणचाराने भरून काढली जाई. तो पाहुणचार पुढच्या येणाऱ्याला परत फेडायचा असे.

तिसरी गोष्ट शाळा. भिवंडीत मराठी आणि उर्दू शाळांबरोबर तेलुगू माध्यमाच्या शाळाही चालल्या. १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘बालभारती’ मराठीप्रमाणेच तेलुगू माध्यमाचीही पाठ्यपुस्तके छापत आली आहे. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने दुसऱ्या भाषेत पुस्तक छापणे ही छोटी गोष्ट वाटेल. पण सहा वर्षांच्या मुलाला घेऊन सीमा ओलांडणाऱ्या आईबापांसाठी तिचा अर्थ मोठा होता. मूल पहिल्या दिवशी वर्गात मुके होणार नव्हते. पुढे मराठी आणि इंग्रजी शाळांकडे ओढा वाढला, तेलुगू वर्गांची पटसंख्या घटू लागली. आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्यांना वर्गात अशी मुले भेटतात, ज्यांचे आजोबा तेलुगूत पत्र लिहीत, वडील तेलुगू वाचतात आणि त्यांना स्वतःला ती फक्त बोलता येते. त्यांचे मराठी निबंध नेटके असतात. प्रांत बदलण्याची ही किंमत तीन पिढ्यांत हप्त्याहप्त्याने फेडली गेली आहे.

इथवरचा हिशेब मिळकतीचा झाला. पण बिऱ्हाडाला आणखी एक गोष्ट लागते आणि ती म्हणजे अभय. मे १९७० मध्ये भिवंडीत भीषण दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. दंगलीनंतर भिवंडीत आलेल्या भीष्म साहनींना ते उद्ध्वस्त मोहल्ले पाहून फाळणीच्या वेळचे रावळपिंडी आठवले आणि त्यातून ‘तमस’ ही कादंबरी लिहिली गेली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल पेटली. अशा वेळी पोटापाण्यासाठी आलेल्या एकट्या पुरुषाला गाडी पकडता येते. बायको-मुले, उधारीवर घेतलेले माग आणि शाळेत घातलेली नावे असलेल्या कुटुंबाला ते इतके सोपे नसते. ज्यांनी बिऱ्हाड केले त्यांचाच जीव अधिक गुंतलेला होता.

म्हणूनच पुढे जे घडले त्याचे मोल मोठे आहे. पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्यांचा प्रयोग राबवला. गल्लीगल्लीतल्या दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांना, त्यांत विणकर, दुकानदार, शिक्षक असे सगळे, पोलिसांसह नियमित एकत्र बसवण्याची ही व्यवस्था होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या शांततेचे श्रेय देताना आपण बहुधा पोलिसी कल्पकतेचा उल्लेख करतो आणि तो योग्यच आहे. पण त्या समित्यांत येऊन बसलेल्या माणसांपाशी गमावण्यासारखे घर होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. शहरात कुटुंबे रुजली की शहराला स्वतःच्या शांततेची गरज वाटू लागते.

आता घराकडे वळू. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही भिवंडीत जागा स्वस्त का राहिली? एक कारण रेल्वेच्या नकाशात दिसते. भिवंडी रोड हे स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे. मुंबईच्या मुख्य उपनगरी मार्गाने थेट लोकल पकडून इथे येता येत नाही, त्यामुळे कारकुनी नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाने भिवंडीऐवजी डोंबिवली-कल्याण निवडले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली ती २०१८ च्या डिसेंबरात. दुसरे कारण अधिक कटू आहे. मागणी वाढत गेली तशी शेतजमिनीवर आणि मागांच्या शेडशेजारी मंजुरीविना इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या भाड्यात पाया, पोलाद आणि देखभाल यांची किंमत धरलेलीच नव्हती. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. सुमारे चाळीस माणसे मेली आणि त्यांत अनेक लहान मुले होती. ही इमारत १९८४ च्या सुमारास, म्हणजे मागांच्या भरभराटीच्या काळात, बांधलेली होती. स्वस्त भाड्यातून वगळलेली किंमत छत्तीस वर्षांनी वसूल झाली, आणि ती ज्यांनी इमारत बांधली त्यांच्याकडून वसूल झाली नाही.

याच्या उलट उदाहरण सोलापूरचे आहे. तिथे विडी कामगार स्त्रियांनी घरकुलांसाठी दीर्घ लढा दिला. माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये ती कामगार स्त्रियांना मिळाली. पुढे रे नगरची ३०,००० घरांची योजना आली; त्यातल्या १५,००० घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. समाज तोच, विडी तीच, मजुरीही जवळपास तशीच. फरक इतकाच की सोलापुरात घर हा संघटित मागणीचा विषय झाला आणि भिवंडीत तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा राहिला. शहर परवडणारे आहे की नाही हे बाजारभाव जितके ठरवतो तितकीच अशी मागणीही ठरवते.

राहिला प्रश्न सीमेचा. पद्मशाली विणकर प्रथम निघाले तेव्हा ते एका संस्थानातून ब्रिटिश मुंबई इलाख्यात आले. १९५६ मध्ये तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, २ जून २०१४ रोजी तेलंगण स्वतंत्र राज्य झाले. माणसे जिथल्या तिथे होती. त्यांच्याभोवतीच्या रेषा आणि त्या रेषांचे कागद बदलत गेले. जातीच्या दाखल्यासाठी मानीव दिनांकापूर्वीचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याचे आजोबा भाड्याच्या पडवीत राहिले त्याने तो पुरावा कुठून आणावा? रेशनकार्ड राज्याबाहेर चालण्याची सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्याआधीच्या पिढ्यांनी प्रांत बदलला म्हणजे स्वस्त धान्य मागेच सोडले.

शिक्षणाची सीमा तर याहून कडक. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१-ड आणि १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आंध्र-तेलंगणात ‘स्थानिक उमेदवार’ ही कल्पना आली. ती मुख्यतः मूल कुठल्या भागात सलग किती वर्षे शिकले यावर उभी होती. पात्रता परीक्षेपूर्वीची सलग चार वर्षे हा त्यातला महत्त्वाचा निकष होता. २०१८ मध्ये तेलंगणासाठी नवा आदेश आला, तपशील बदलले, तरी शाळेची वर्षे मोजण्याचे तत्त्व टिकले. महाराष्ट्रातही वैद्यकीयसारख्या प्रवेशांत राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी इथूनच झालेली असावी लागते. दोन्ही राज्ये आपापल्या मुलांचे हित पाहतात, त्यात गैर काही नाही. पण या दोन नियमांच्या मध्ये भिवंडीत वाढलेले तेलुगू घरातले मूल उभे असते. सातवी-आठवीत त्याचे बिऱ्हाड हलवले तर दोन्हीकडे ‘आपले’ म्हणवून घेण्याची त्याची वेळ निसटू शकते.

परतीच्या वाटेचा इतिहास या नियमाच्या प्रकाशात वाचावा लागतो. भिवंडी-सोलापूरच्या मागांवर कसब मिळवलेल्या काहींनी सिरसिल्लाला परतून तिथे यंत्रमाग बसवले आणि सिरसिल्ला हेही मागांचे गाव झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथूनच विणकरांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा उलटी वाट पुन्हा चालू झाली. नव्या तेलंगण सरकारने २०१७ मध्ये बतुकम्मा सणाला गरीब स्त्रियांना साड्या वाटण्याची योजना आणली. दरसाल सुमारे एक कोटी साड्यांची ती मागणी होती. पहिल्या वर्षी त्यातल्या काही सुरतेहून आल्या म्हणून गदारोळ झाला. पुढे काम सिरसिल्लाच्या मागांना मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वरंगलजवळ काकतीय महावस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली आणि सुरत, सोलापूर, भिवंडीला गेलेल्या विणकरांनी परत यावे असे आवाहन सरकारने उघडपणे केले. वस्त्रोद्यान उभे राहायला वर्षे लागतात. मूल मात्र दर जूनला एक इयत्ता पुढे जाते. २०२३ च्या अखेरीस सरकार बदलले आणि ती साडीयोजना त्या रूपात चालू राहिली नाही. तिच्या जागी बचतगटांतील स्त्रियांसाठी साड्यांची वेगळी योजना आली. सरकारी मागणीच्या भरवशावर परतलेल्या तरुण कुटुंबाला मधल्या रिकाम्या महिन्यांचा जाब कोण देणार?

आणि मग २०२० चा मार्च. नोटाबंदी (नोव्हेंबर २०१६) आणि वस्तू व सेवा कर (जुलै २०१७) यांनी आधीच अडखळलेले माग २५ मार्चच्या टाळेबंदीने पुरते थांबले. बिस्स्या बंद झाल्या. खोल्यांत दिवसपाळी आणि रातपाळी एकाच वेळी येऊन बसली, जागा पुरेना. माणसे पायी नाशिककडच्या महामार्गाला लागली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोडहून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. दीडशे वर्षांपूर्वी ज्या आग्रा रस्त्याने विणकर दक्षिणेला उतरले त्याच रस्त्याने त्यांच्या मुलुखातले लोक उत्तरेकडे चालले. ज्यांचे बिऱ्हाड मुलुखात होते ते निघाले. ज्यांचे बिऱ्हाड भिवंडीत होते त्यांतले पुष्कळ जण थांबले आणि विडीच्या, किराणा-उधारीच्या, नातलगांच्या आधाराने त्यांनी ते महिने काढले. जाणे सोपे की राहणे, याचे उत्तर त्यांच्यापैकी कुणालाही विचारू नये.

या साऱ्या इतिहासातून तरुण कुटुंबांसाठी आम्हांला जे दिसते ते असे. ‘तिथे स्वस्त आहे’ हे वाक्य अर्धे असते. उरलेले अर्धे वाक्य म्हणजे, स्वस्ताईतून वगळलेला खर्च कोण भरणार. भिवंडीत तो कधी मुलुखातल्या बायकोने भरला, कधी विडी वळणाऱ्या आईने, कधी आजोबांची भाषा विसरलेल्या नातवाने आणि एका पहाटे जिलानी इमारतीतल्या मुलांनी. ज्या बिऱ्हाडांचा हिशेब जमला, ती घरभाडे कमी होते म्हणून टिकली नाहीत. त्यांना बाईच्या हाताला काम मिळाले, पहिला महिना काढायला नात्याची पडवी मिळाली, मुलाला समजेल अशी शाळा मिळाली आणि रात्री दार लावून झोपण्याइतका शेजाऱ्यांचा भरवसा मिळाला. यातली एक गोष्ट कमी पडली की बाकीच्या तिचा भार काही काळ उचलत. दोन कमी पडल्या की गाठोडी पुन्हा बांधली जात.

भिवंडीच्या बाहेर आता मैलोन्‌मैल गोदामे पसरली आहेत. माणकोली, पूर्णा, काल्हेर या गावांच्या शिवारात, जिथे भात पिकत होता तिथे, देशभर पाठवायच्या मालाची खोकी रचलेली आहेत. या गोदामांत काम करायला येणारे मूल-बाळ असलेले नवे जोडपे पुन्हा तोच प्रश्न घेऊन येते: खोली कितीला, शाळा कुठे, हिला काही काम मिळेल का? प्रश्नांचा क्रम बहुधा हाच असतो. जुन्या भिवंडीकरांना विचारले तर ते तिसरा प्रश्न आधी विचारायला सांगतील.